साथीचा धर्म

गाण्याच्या बैठकीस जाऊन आलेल्या मंडळींस दुसऱ्या दिवशीं ‘गाणें कसें झालें?’ असें विचारलें, तर अलीकडे पुष्कळदां उत्तर मिळतें तें असें : ‘तबला काय वाजला म्हणतां!’ गवयानें कोणता राग आळवला, चीज कोणती म्हटली, हें सांगतांना तीच मंडळी अडखळतात. पण तबलजीनें शेवटीं तिहाई कशी घेतली आणि टाळ्यांचा कडकडाट कसा झाला, हें मात्र हातवारे करून सांगतात. साथीदाराचें कौतुक होऊं नये असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. परंतु ज्या बैठकींतून श्रोता गाणें विसरून नुसता तबला घेऊन घरीं येतो, त्या बैठकींत कांहींतरी उलटापालट झालेली असली पाहिजे, एवढें तरी सुज्ञ वाचक मान्य करतील. ती उलटापालट कोणती, ती कां होते, आणि तींत वाजवणाऱ्याचा दोष किती व आम्हां ऐकणाऱ्यांचा किती, याचा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

हा विषय केवळ गवई-बजवय्यांचा आहे असें समजून कोणीं पान उलटूं नये. आजमितीस आपल्या घरांतून तबला शिकणारीं मुलें पुष्कळ आहेत, आणि मुलीही त्यांत मागें नाहींत, ही आनंदाची गोष्ट आहे. दिवाणखान्यांत पाहुणे बसले म्हणजे वडील मंडळी मुलास हांक मारतात, ‘अरे, तो तुझा रेला वाजवून दाखव पाहूं!’ मुलगा दोन मिनिटें बोटें पळवतो, पाहुणे ‘वा! वा!’ म्हणतात, आणि आजी त्याच्या हातावर लाडू ठेवते. ‘तुझा ठेका वाजवून दाखव’ असें कोणी म्हणाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. मुलगा त्या दिवशीं जें शिकतो तें तबल्याच्या वर्गांत शिकलेल्यापेक्षां अधिक खोल जातें. शाबासकी कशाला मिळते, हें त्याच्या मनांत कायमचें लिहिलें जातें.

शास्त्र काय सांगतें

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत वाद्यांचे चार वर्ग केलेले आहेत : तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. चामड्यानें मढविलेलीं तीं अवनद्ध. त्यांच्या उत्पत्तीची एक सुंदर कथा तेथें आलेली आहे. स्वाति नांवाचे मुनि पाणी आणण्याकरितां सरोवरावर गेले असतां पाऊस आला, आणि लहान, मध्यम व मोठ्या कमलपत्रांवर पडणाऱ्या थेंबांचे निरनिराळे नाद त्यांच्या कानीं पडले. ते नाद मनांत धरून त्यांनीं आश्रमांत आल्यावर पुष्करवाद्य घडविलें. ही कथा इतिहास म्हणून घ्यावी कीं नाहीं हा प्रश्न निराळा. पण तिच्यांतील एक गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. वादकांच्या या आद्य पुरुषानें आधीं ऐकलें आणि मग वाजविलें.

पुढें तेराव्या शतकांत, देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. गीत, वाद्य आणि नृत्य या तिघांस मिळून संगीत म्हणावें, हें त्याचें म्हणणें सर्वश्रुत आहे. त्यालाच जोडून तो आणखी एक गोष्ट सांगतो, ती मात्र फारशी कोणी लक्षांत ठेवीत नाहीं. नृत्यानें वाद्याच्या मागून जावें, वाद्यानें गीताच्या मागून जावें. म्हणून तिघांत गीत प्रधान. येथें वाद्यास हलकें लेखलेलें नाहीं. तिघांनाही संगीत हें एकच नांव दिलें आहे. फक्त कोणीं कोणाकडे पाहून चालावें, एवढा क्रम सांगितला आहे.

आम्ही आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकवीत आलों. त्यामुळें साथीचा विचार मनांत आला कीं आम्हांस मल्लिनाथाची आठवण होते. रघुवंश, कुमारसंभव आणि मेघदूत या काव्यांवरील त्याची ‘संजीवनी’ टीका ज्यांनीं शाळेंत वाचली असेल, त्यांस त्याची प्रतिज्ञा ठाऊक असेल : मुळांत नसलेलें कांहीं लिहावयाचें नाहीं, आणि ज्याची गरज नाहीं तें बोलावयाचें नाहीं. हा मनुष्य व्याकरण, न्याय, अलंकार या सर्व शास्त्रांत पारंगत. मनांत आणतां तर प्रत्येक श्लोकावर स्वतःच्या पांडित्याची आतषबाजी त्यानें केली असती. त्यानें अन्वय लावून दिला, अडलेल्या शब्दाचा अर्थ सांगितला, कोश कोठें पाहावा तें दाखविलें, आणि तो बाजूस झाला. कालिदासाचा श्लोक आपल्याला कळला असें विद्यार्थ्यास वाटतें. टीकाकारानें कळविला हें त्याच्या ध्यानांतही येत नाहीं. शेंकडों वर्षें मल्लिनाथ टिकला तो याच गुणावर. गवयाची चीज हें मूळ आणि तबला ही तिच्यावरील टीका, असें मानलें तर साथीचे निम्मे नियम आपोआप हातीं येतात.

नुसता ठेका

ठेका हा शब्द आपण ‘नुसता ठेका’ अशा तुच्छतेनें उच्चारतों. वास्तविक ख्यालगायनांत ठेक्याइतकें अवघड काम क्वचितच दुसरें असेल. विलंबित एकताल घ्या. मात्रा १२. अतिविलंबित लयींत एका मात्रेस सुमारें ४ सेकंद धरले, तर एक आवर्तन ४८ सेकंदांचें होतें. बडा ख्याल त्या लयींत ४० मिनिटें चालला तर आवर्तनें झालीं ५० आणि मात्रा झाल्या ६००. या ६०० मात्रांत दोन आघातांमधील अंतर सारखें ठेवावयाचें; गवयाच्या इच्छेवांचून लय चढूं द्यावयाची नाहीं, उतरूं द्यावयाची नाहीं; डग्ग्याचा घुमारा मध्येंच तुटूं द्यावयाचा नाहीं; आणि हें सर्व करीत असतां कान मात्र गवयाकडे लावून बसावयाचें. ज्यास हें सोपें वाटत असेल त्यानें भिंतीवरील घड्याळाकडे न पाहतां दर ४ सेकंदांनीं एक टिचकी, अशा नुसत्या ५० टिचक्या मारून पाहाव्या.

आतां हा ठेका गवयाच्या काय कामास येतो तें पाहूं. एकतालाचे बोल असे : धिं, धिं, धागे, तिरकिट, तू, ना, कत्, ता, धागे, तिरकिट, धी, ना. चवथ्या मात्रेवर एक ‘तिरकिट’ आहे, दहाव्या मात्रेवर दुसरें. गवई आलापांत बुडालेला असतो. मात्रा मोजीत बसला तर त्याचा राग मरेल. तो मोजीत नाहीं. हे बोल म्हणजे त्याच्या वाटेवरचे मैलाचे दगड होत. दहाव्या मात्रेचें ‘तिरकिट’ कानीं पडलें कीं घर जवळ आलें, आतां मुखडा उचलावयाचा, हें त्यास न मोजतां कळतें. अशा वेळीं वाजवणाऱ्यानें चवथ्या मात्रेपासून नवव्या मात्रेपर्यंत आपल्या रेल्यांची आणि तुकड्यांची दाटी केली, तर दगड बुजून जातात. गवई आलाप सोडून सम शोधूं लागतो. श्रोत्यांस वाटतें, तबला रंगला. गाणाऱ्याच्या कपाळावर मात्र आठ्या येतात.

एका गांवच्या उत्सवांत हा प्रकार आम्हीं डोळ्यांनीं पाहिला. गाणाऱ्या बाई अनुभवी होत्या, साथीस तरुण व तयार हाताचा मुलगा होता. बाईंनीं विलंबित ख्याल धरला. मुलानें दुसऱ्याच आवर्तनापासून भरणा सुरू केला. बाईंनीं एकदां वळून पाहिलें, दुसऱ्यांदां हातानें मात्रा दाखविली, आणि पंधरा मिनिटांच्या आंत विलंबित आटोपतें घेऊन त्या द्रुत चिजेवर आल्या. मग काय विचारतां! मंडपांत टाळ्याच टाळ्या. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळीं आम्ही जवळच बसलों होतों. मुलगा पाया पडून म्हणाला, ‘ताई, लोकांना फार आवडलें.’ बाई रागावल्या नाहींत. त्याच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, ‘आवडलें रे बाळा. पण मला अंतरा म्हणायचा राहिला.’ त्या रात्रीं मंडपांत बसलेल्या शेंदीडशें माणसांना त्या ख्यालाचा अंतरा ऐकावयास मिळाला नाहीं, आणि आपलें कांहीं गेलें हेंही त्यांतील फारच थोड्यांस कळलें. अतिवादनाची खरी हानि ही अशी असते. ती आवाज करीत नाहीं.

ताल कोणाच्या हातांत

येथें कोणी विचारील कीं, मग धृपदाच्या साथीला पखवाज धो धो वाजतो तो कसा चालतो? कर्नाटक पद्धतीच्या गायनांत मृदंगवाला किती तरी मोकळेपणानें वाजवितो, त्यास कोणी दोष देत नाहीं तें कां? प्रश्न योग्य आहे, आणि त्याच्या उत्तरांतच या विषयाचें मर्म आहे.

धृपद गाणारा बहुधा हातानें टाळी देऊन ताल स्वतः सांभाळतो. कर्नाटक गवईही बैठकभर मांडीवर हातानें ताल दाखवीत असतो. ताल गवयाच्या हातांत असल्यामुळें पखवाजी व मृदंगी मोकळे असतात. गीताच्या चालीस अनुसरून त्यांनीं कितीही नक्षी काढली तरी वाट हरवत नाहीं. धृपद मागें पडून ख्याल पुढें आला, आणि विसाव्या शतकांत ख्यालाची लय फार संथ झाली, तेव्हां गवयानें हात मोकळा करून घेतला आणि ताल सांभाळण्याचें काम तबल्याकडे सोंपविलें. घराच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हवालीं केल्या. किल्ल्या ज्याच्या कमरेस आहेत त्यानें दार सोडून अंगणांत नाचावयास जाऊं नये, एवढाच ठेक्याचा नियम आहे.

कर्नाटक पद्धतींत आणखी एक शहाणपणाची व्यवस्था आहे. तेथें बैठकींतील मुख्य रचनेनंतर ‘तनि आवर्तनम्’ म्हणून तालवाद्यांस स्वतंत्र वेळ देतात. त्या वेळीं गवई थांबतो, हातानें ताल धरतो, आणि मृदंगवाला आपली सारी विद्या मांडतो. पालघाट मणि अय्यर (१९१२–१९८१) हे त्या वाद्याचे विसाव्या शतकांतील श्रेष्ठ वादक. मद्रासच्या संगीत विद्वत्सभेचा ‘संगीत कलानिधि’ हा मान मृदंगवादकास प्रथम मिळाला तो त्यांस, १९६६ सालीं. गाण्याच्या वेळीं कोठें हात थांबवावा हें त्यांच्याकडून शिकावें, अशी त्यांची ख्याति होती. आणि ध्वनिक्षेपकानें वाद्यांचा मूळ तोल बिघडतो म्हणून त्याच्याशिवाय बैठकी व्हाव्या, असा आग्रहही त्यांनीं धरला होता.

ख्यालांतही घराण्याघराण्यांत भेद आहे, तो ध्यानांत ठेवला पाहिजे. आग्रा घराण्याच्या गायकींत बोलबांट, लयकारी आणि तिहाया यांस मोठें स्थान. तेथें तबलजीनें थोडी छेडछाड केली, गवयाच्या लयीला लयीनें उत्तर दिलें, तर रंगत वाढते. जयपूर घराण्याचा गवई आपली तान मात्रांच्या जाळ्यांत विणीत जातो; तेथें खालचें जाळें स्वच्छ दिसलेंच पाहिजे. किराणा घराण्याचा गवई एकेका स्वरावर रेंगाळतो. तेथें दोन आघातांमधील शांतता हीच साथ. इंदूरचे उस्ताद अमीर खां (१९१२–१९७४) अतिविलंबित झूमरा गात. तो १४ मात्रांचा ताल. त्यांस तबल्याकडून साधा, भरीव ठेका हवा असे आणि त्यांच्या बैठकींत तोच वाजे. ठुमरीच्या शेवटीं लग्गी लागते, तें मात्र तबल्याचें हक्काचें अंगण; तेथें जो हात आंखडता घेईल तोही साथीत चुकलाच. म्हणजे ‘कमी वाजवा’ असा सरसकट नियम सांगून भागत नाहीं. समोर काय चाललें आहे तें ऐकून वाजवा, असें म्हणावें लागतें.

मोठ्यांचीं उदाहरणें

कित्येकांची अशी समजूत असते कीं, ज्याचा हात चालत नाहीं तोच ठेक्याचें माहात्म्य सांगतो. ही समजूत किती खोटी आहे हें पाहावयाचें असेल तर उस्ताद अहमदजान थिरकवा यांच्याकडे पाहावें. त्यांचीं बोटें तबल्यावर नाचत, थिरकत, म्हणून तर त्यांस हें नांव पडलें. मुनीर खांसाहेबांचे हे शिष्य स्वतंत्र तबलावादनांत त्यांच्या काळीं अजोड मानले जात. १९७० सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें आणि १९७६ सालीं लखनौस ते वारले. असा हा बोटांचा जादूगार बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळींत कित्येक वर्षें साथीस होता. नाटकांतलें पद म्हणजे शब्द, अभिनय आणि स्वर यांचा मेळ. प्रेक्षकांस नायिकेचें दुःख ऐकावयाचें असतें. तेथें थिरकवांनीं बालगंधर्वांच्या गळ्याखालीं आपला तबला अंथरला. ती साथ महाराष्ट्रांत दंतकथा होऊन बसली.

दुसरें उदाहरण वसंतराव आचरेकरांचें. कुमार गंधर्वांच्या (१९२४–१९९२) गाण्यास त्यांची साथ ज्यांनीं ऐकली असेल, त्यांस ‘नुसता ठेका’ म्हणजे काय असूं शकतें हें सांगावयास नको. कुमारजींचा स्वर मध्येंच उसळे, मध्येंच तुटे, मध्येंच नाहींसा होई. आणि खालीं तबला निश्चल, भरीव, सुरेल, शांतपणें तेवणाऱ्या समईसारखा.

उस्ताद झाकीर हुसेन (१९५१–२०२४) यांचें नांव तर मुलांच्या ओठांवर असतें. त्यांची चपलाई, त्यांचे उडणारे केस आणि त्यांचें मिस्किल हंसणें यांचें अनुकरण गल्लोगल्लीं चालतें. परंतु पंडित शिवकुमार शर्मा (१९३८–२०२२) यांच्या संतूराबरोबरचीं त्यांचीं वादनें एकदां लक्ष देऊन ऐकावीं. संतूर हें मृदु वाद्य. आलापानंतर तबला प्रवेश करतो तो पावलें न वाजवितां, एखाद्या शहाण्या मुलानें देवघरांत यावें तसा. त्यांच्या गतीचें अनुकरण करणारे हजार निघाले. या प्रवेशाचें अनुकरण करणारे थोडे.

सातासमुद्रांपलीकडेही हाच वाद आहे. आमचा नातू इंग्रजी वाद्यवृंदाचा शोकी. त्याच्याकडून आम्हांस कळलें कीं, ‘बीटल्स’ या जगप्रसिद्ध चौकडींतील ढोलवादक रिंगो स्टार यास एकट्यानें वाजविण्याची मुळींच हौस नव्हती. चौकडीच्या सगळ्या काळांत त्याचें स्वतंत्र वादन म्हणून जें सांगतात तें १९६९ च्या ‘ॲबी रोड’ या संग्रहांतील शेवटच्या भागांत, तेंही थोडक्यांत. गाण्याला जें हवें तें वाजवावें, हा धर्म कोणत्याही एका देशाचा दिसत नाहीं.

दुसरी बाजू

एवढें सांगितल्यावर तबलजींची बाजू न मांडणें अन्यायाचें होईल. त्यांनीं पुढें येण्याची धडपड केली ती विनाकारण नव्हे. कित्येक पिढ्या साथीदारास आपण वाईट वागविलें. त्याची जागा मागें, बिदागी तुटपुंजी. जाहिरातींत गवयाचें नांव ठळक आणि त्याचें बहुधा नाहींच. जुन्या ध्वनिमुद्रिका काढून पाहा. गाणाऱ्याचें नांव आहे, रागाचें आहे, साथ कोणाची तें पुष्कळदां लिहिलेलेंच नाहीं. ज्याच्या नांवाची कोणी दखल घेत नाहीं, त्यानें हातानें तरी आपलें नांव ऐकवावें असें त्याच्या मनांत आलें, तर नवल काय?

पंडित रविशंकर (१९२०–२०१२) यांनीं उस्ताद अल्लारखां (१९१९–२०००) यांस बरोबरीनें बसविलें, तबल्यास बैठकींत स्वतंत्र वेळ दिला, आणि १९६७ सालच्या माँटेरे येथील महोत्सवांत व १९७१ सालीं न्यूयॉर्क येथें बांगला देशाच्या साहाय्यार्थ झालेल्या कार्यक्रमांत पाश्चात्य श्रोत्यांनीं तबला डोळे विस्फारून ऐकला. ही प्रतिष्ठा तबल्यास मिळाली हें फार चांगलें झालें. मात्र सतार-तबल्याच्या सवाल-जबाबाची जी रीत वाद्यसंगीतांत शोभते, ती विलंबित ख्यालांत नेऊन बसविली म्हणजे दोन्हींचाही विरस होतो.

त्यांतच ध्वनिक्षेपकाची भर पडली. पूर्वीं दिवाणखान्याची बैठक. गवयाचा आवाज आणि तबल्याचा आवाज यांचा तोल वाजवणाऱ्याच्या तळहातांत असे. आतां तबल्यापुढें एक, डग्ग्यापुढें एक असे दोन ध्वनिग्राहक मांडतात, आणि कोणाचा आवाज किती हें मंडपाच्या टोकाला बसलेला तिसराच मनुष्य कळ फिरवून ठरवितो. हात जड नसलेलाही अशा वेळीं जड वाटतो. यांत वाजवणाऱ्याचा दोष नाहीं.

परंतु एक गोष्ट आम्ही प्रत्येक तरुण तबलजीस आग्रहानें सांगूं इच्छितों. तुमचें स्वतःचें एकल वादन आठवा. त्या वेळीं पेटीवर किंवा सारंगीवर नगमा धरलेला असतो. तीच एक स्वरांची ओळ, तीच सोळा मात्रांची, तासभर, पुनःपुन्हां. त्या पेटीवाल्यानें मध्येंच एक हरकत घेतली, एक तान टाकली, तर तुम्ही डोळे वटारून त्याच्याकडे पाहतां कीं नाहीं? तो पेटी वाजविण्यांत कमी म्हणून गप्प बसलेला नसतो. तुमचा पेशकार, तुमचा कायदा लोकांना स्पष्ट दिसावा म्हणून तो आपली विद्या तासभर झांकून ठेवतो. जी अपेक्षा तुम्ही त्याच्यापासून करतां, तीच गवयानें तुमच्यापासून केली तर त्यांत अन्याय कोणता? साथीचा नियम तुम्हांस ठाऊक आहेच. तो स्वतःस लावून घेणें तेवढें राहिलें आहे.

टाळी कोणाची

आतां आम्हां श्रोत्यांकडे वळूं. तिहाईस टाळी इतकी हमखास कां मिळते, याचें कारण गणितांत आहे. त्रितालाच्या मात्रा १६. पांच मात्रांचा एक तुकडा समेपासून उचलावा. मग एक मात्रा मोकळी. पुन्हां तोच तुकडा. पुन्हां एक मोकळी. तिसऱ्यांदां तोच तुकडा. बेरीज केली तर १७ येते, आणि सतरावी मात्रा म्हणजेच पुढच्या आवर्तनाची सम. दोनदां ऐकल्यावर तिसरें कोठें संपणार हें बालकासही अगोदर कळतें, आणि तें तेथेंच संपलें कीं उदाहरण सुटल्याचा आनंद होतो. हा आनंद खरा आहे, निर्मळ आहे. त्याला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण तो सोपा आहे. ४८ सेकंदांचें आवर्तन भरून गवई समेवर अलगद येतो आणि तबल्याची ‘धिं’ त्याच क्षणीं पडते, तेव्हां होणारा आनंद मिळविण्यास श्रोत्यालाही थोडी मेहनत करावी लागते. सोप्या आनंदास टाळी आणि अवघड आनंदास मौन, असा आपला व्यवहार असेल, तर वाजवणारा सोप्याकडे वळणारच.

म्हणून घरोघरच्या वडील मंडळींस आमच्या कांहीं सूचना आहेत. पैशाचा खर्च यांपैकीं एकीसही नाहीं.

बैठकीस जातांना मुलांना बरोबर न्यावें आणि विलंबित ख्यालाच्या वेळीं बोटांच्या पेरांवर मात्रा मोजावयास सांगावें. बारा पेरें, बारा मात्रा. एकतालाला हातच पुरतो. दोन-तीन आवर्तनें मोजलीं कीं मुलांस सम सांपडूं लागते, आणि मग जांभया बंद होतात. चांगला ठेका धरणाऱ्यास कार्यक्रमानंतर भेटून, त्याचें नांव घेऊन, ‘आपला ठेका फार सुरेल लागला’ असें मुद्दाम सांगावें. हें वाक्य त्यानें आयुष्यांत किती वेळां ऐकलें आहे असें विचारलें, तर उत्तर ऐकून वाईट वाटेल. जीं मंडळें उत्सवांत गाणीं ठरवितात, त्यांनीं पत्रिकेंत साथीदारांचीं नांवें गवयाच्या नांवाखालीं त्याच ओळींत छापावीं, आणि शक्य असेल तेथें तबल्याच्या एकल वादनास निराळा अर्धा तास द्यावा. ज्याच्या विद्येस स्वतःचें दार आहे, तो दुसऱ्याच्या खिडकींतून डोकावत नाहीं.

आणि घरांत तबला शिकणारें मूल असेल, तर त्यास एकट्यालाच खोलींत बसवून रेले घोटूं देऊं नयेत. घरांत कोणी ना कोणी गाणारें असतेंच. ताई गाण्याच्या परीक्षेची तयारी करीत असेल, काकू भजनी मंडळांत जात असतील, आजोबांस सायंकाळीं एखादें स्तोत्र चालीवर म्हणावयाची संवय असेल. त्यांपैकीं कोणाच्या तरी साथीस त्यानें रोज अर्धा तास बसावें. आजोबांचा श्वास कडव्याच्या मध्यें तुटतो, काकू लय थोडी ओढतात, ताई अंतऱ्याला घाबरून घाई करते. या सर्वांस न टोंकतां, न थांबवितां सांवरून नेणें, कोणीं चुकलें तें कोणास कळूं न देणें, हें ज्या मुलास साधेल त्यास साथ आली असें समजावें. त्याच्या रेल्याची गति त्या वर्षीं थोडी कमी राहिली तरी चिंता करूं नये. ती पुढें सहज येते. पाहुणे आले आणि ‘कांहींतरी वाजव’ म्हणाले, तर त्यानें ताईलाही बोलवावें, तंबोरा लावावा, तबला तिच्या षड्जाशीं मिळवून घ्यावा, आणि तिचें पद पहिल्या ओळीपासून अंतऱ्यापर्यंत नीट पार पाडावें. लाडू दोघांसही द्यावा.